सव्वादोन वर्षांचा मुलगा, नववीतली मुलगी आणि घरातला मोबाईल

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, मोजून चार-पाच शब्द बोलतो. मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. मुलगी नववीत आहे, रात्री एक-एक वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल घेऊन असते. मी बँकेत नोकरी करते, दिवसभर सासूबाई मुलाला सांभाळतात. नवरा म्हणतो, काळ बदललाय, उगाच बाऊ करू नकोस. स्क्रीनमुळे मुलांचं खरंच नुकसान होतं, की आम्हीच घाबरलोय?"

मी गेली २६ वर्षं सांगली जिल्ह्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. त्यातली निम्मी वर्षं उशिरा बोलणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या मुलांसोबत गेली. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. मुलाबद्दल मी ठामपणे सांगते: हो, नुकसान होतंय, आणि अजून वेळ हातात आहे. मुलीबद्दल "मोबाईलने बिघडली" असं मी म्हणणार नाही. तिची झोप मात्र मोबाईल खातोय, आणि त्यावर काहीतरी करता येतं. "आजची पिढी" म्हणून दोघांना एकाच तागडीत टाकलं की थोरलीला उगाच बोलणी बसतात आणि धाकट्याकडे दुर्लक्ष होतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत नेमकं हेच झालेलं असतं.

आधी धाकट्याचं बोलू, कारण त्याच्या बाबतीत एकेक आठवडा मोलाचा आहे.

अशी मुलं माझ्याकडे रोज येतात. मी आईला किंवा आजीला म्हणते, "घरी जसं भरवता तसं इथे भरवून दाखवा." डबा उघडतो, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवला जातो, गाणं सुरू होतं. मुलाचं तोंड आपोआप उघडतं. घास आत जातो, डोळे पडद्यावर, पुन्हा तोंड उघडतं. वरणभात आहे की शिरा, त्याला ठाऊक नसतं. पोट भरलं तेही कळत नाही. वाटी रिकामी होते, आजीच्या चेहऱ्यावर समाधान येतं. मी शेजारी बसून एवढंच बघत असते की मुलाने भरवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे किती वेळा पाहिलं. बऱ्याचदा एकदाही नाही.

आता तेच जेवण मोबाईलशिवाय आठवून बघा. "आ कर." "गरम आहे, थांब, फू कर." "हा चिऊचा, हा काऊचा." मूल मान फिरवतं, आजी म्हणते, "नको? बरं, पाणी हवं?" मूल भांड्याकडे हात करतं. मान फिरवण्याला उत्तर मिळालं, हात करण्याला उत्तर मिळालं. अशी देवाणघेवाण एका जेवणात चाळीस-पन्नास वेळा सहज होते, आणि दिवसातून तीन-चार जेवणं असतात. दे, नको, अजून, संपलं, गरम, मंमं, पाणी: आपल्या मुलांचे पहिले शब्द बघितलेत तर त्यातले किती ताटापाशी शिकलेले असतात! तुमच्या मुलाचं ताटापाशी भरणाऱ्या या शाळेचं पहिलं वर्ष बुडलं आहे. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असावेत आणि "बाबा गेला", "पाणी दे" असे दोन शब्द तो जोडू लागलेला असावा. चार-पाच शब्द म्हणजे थांबून वाट बघण्यासारखी स्थिती नाही. "आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात" हे वाक्य कुणी म्हणालं तर कृपा करून त्यावर विसंबू नका. सुरुवातीच्या काळात मीही हे वाक्य आईवडिलांना सांगितलं आहे, आणि त्यामुळे काही मुलांचं अख्खं वर्ष गेलं. ते मला अजून सलतं.

"पण त्या गाण्यांतूनही शब्दच ऐकू येतात ना?" हा प्रश्न बाबा लोक नेहमी विचारतात. अमेरिकेत सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून बोलत, खेळत होता. काहींना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. बारा बैठका झाल्या. प्रत्यक्ष माणसासोबत बसलेल्या बाळांना मँडरिनमधले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले, व्हिडिओवाल्यांच्या पदरात काहीच पडलं नाही. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पडदा बोलतो, पण बाळाने हुंकार दिला तर थांबत नाही, बाळ बघतंय त्या वस्तूचं नाव घेत नाही. म्हणूनच व्हिडिओ कॉलला आम्ही डॉक्टर सवलत देतो. पुण्यातली आत्या किंवा न्यू जर्सीतले आजोबा पडद्यावरून "अगं बाई, नवीन टोपी का?" म्हणतात तेव्हा ते या बाळाला, या क्षणाला उत्तर देत असतात.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०२४ चा. तिथल्या २२० कुटुंबांतल्या मुलांच्या कपड्यांत छोटं यंत्र ठेवून घरातलं बोलणं आणि स्क्रीनचा आवाज मोजला गेला. तीन वर्षांच्या वयात स्क्रीनचा एक मिनिट वाढला की मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे साधारण ६.६ शब्द कमी होत होते, मुलाचे स्वतःचे ४.९ उच्चार कमी होत होते आणि एक संवादाची फेरी जात होती. मिनिटाला एवढं. मी हा आकडा वाचला तेव्हा माझ्या स्वागतकक्षातला टीव्ही काढून टाकला. वर्षानुवर्षं त्यावर कार्टून चालू असायचं, मुलं शांत बसावीत म्हणून. आता तिथे लाकडी ठोकळे, भातुकली आणि फाटायला आलेली चित्रांची पुस्तकं आहेत. गोंगाट वाढला आहे, कर्मचारी कुरकुरतात, पण थांबलेल्या वेळात आया मुलांशी बोलताना दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत, त्यातही कमी तितकं बरं. आपल्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचना दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून काहीच नको म्हणतात, पाचापर्यंत एक तास, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. हे आकडे माहीत असावेत, पण तुमच्या मुलासाठी मी तासांचा हिशेब सांगत नाही. तो नीट बोलू लागेपर्यंत पूर्ण बंद. कोपऱ्यात सतत चालू असलेला टीव्हीसुद्धा, कारण त्याच्या आवाजात मोठी माणसं आपोआप कमी बोलतात.

बंद कसा करायचा? एकदम. "हळूहळू कमी करतो" म्हणणारी घरं सहा महिन्यांनीही तिथेच असतात, कारण दोन वर्षांच्या मुलाला "आज दहा मिनिटं" कळत नाही. त्याला एवढंच कळतं की जोरात रडलं की कधी कधी मिळतो, मग तो आणखी जोरात रडून बघतो. शनिवार-रविवारला जोडून दोन दिवस रजा काढा, नवऱ्यालाही काढायला लावा. पहिले तीन-चार दिवस भयंकर जातील हे आधीच सांगून ठेवते. तो ताट उडवेल, एखादं जेवण पूर्ण टाळेल. निरोगी मूल एक-दोन जेवणं चुकली म्हणून आजारी पडत नाही. पाणी पितोय, लघवी होतेय, खेळतोय एवढं बघा. मात्र मधल्या वेळी बिस्किटं आणि दुधाच्या बाटल्या देऊ नका, नाहीतर भूक लागणारच नाही. बऱ्याच घरांत खरी गोम तिथेच असते: दिवसभरात लिटरभर दूध पोटात, वर रक्तातलं लोह कमी, मग जेवायची इच्छा कुठून येणार? हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. त्याला सगळ्यांबरोबर खाली पंगतीत बसवा, छोटी ताटली द्या, हाताने खाऊ द्या. भात जमिनीवर सांडेल. सांडू द्या.

आता सासूबाईंबद्दल. तुमच्या प्रश्नात त्यांच्यावर थेट दोष नाही, पण ओळींमधून तो मला ऐकू येतो. साठी उलटलेल्या बाईने सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एका धावत्या मुलामागे राहायचं, तिचे गुडघे दुखत असायचे, आणि घरी आल्यावर तुम्ही पहिला प्रश्न विचारणार, "जेवला का नीट?" त्या प्रश्नाला "हो" म्हणता यावं म्हणून मोबाईल लावला जातो. तुमचा प्रश्न बदला. "आज काय काय बोलला? कुठे फिरायला गेलात?" असं विचारा. शक्य असेल तर दुपारचे दोन-तीन तास मदतीला बाई ठेवा किंवा जवळच्या अंगणवाडीत, पाळणाघरात सोडा. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या आयाही मुलाच्या हाती मोबाईल देऊन बांधावर बसवतात हे मी बघते. तिथेही आळस हे कारण नसतं, मूल सोपवायला कुणी माणूस नसतं. मोबाईलला नावं ठेवणाऱ्या आपल्या समाजाने गावोगावी धड पाळणाघरं उभी केली नाहीत, याचा मला राग येतो.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, कारण ती समाजमाध्यमांवर फार चुकीची पसरली आहे. "व्हर्च्युअल ऑटिझम" नावाचा शब्द तुमच्या वाचनात आला असेल किंवा येईल. मोबाईलमुळे ऑटिझम झाला, मोबाईल बंद केला की बरा झाला, असे व्हिडिओ फिरतात. हे मान्यताप्राप्त निदान नाही. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली स्थिती आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि मोबाईल ती निर्माण करत नाही. उलट ज्या मुलाला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा एकसारखी फिरणारी चित्रं जास्त खेचतात, ते मूल स्क्रीनकडे जास्त ओढलं जातं. म्हणून दोन्ही बाजूंनी फसायला होतं. एका घरात आई "माझ्याच चुकीने झालं" म्हणून रात्र रात्र रडते, दुसऱ्या घरात "मोबाईल बंद केलाय, होईल बरा" म्हणत तपासणीच वर्षभर पुढे ढकलली जाते. तुम्ही घरी एवढं बघा: नावाने हाक मारल्यावर वळतो का? आकाशात विमान दिसलं तर बोट दाखवून तुमच्याकडे बघतो का? तुम्ही ताट लपवलं तर हसून शोधतो का? बोलता येत नसलं तरी हातवारे, नजर, ओढून नेणं यांतून स्वतःचं म्हणणं पोचवतो का? यांतलं बरंचसं नसेल तर मोबाईल बंद करून वाट बघत बसू नका, तपासणी आणि थेरपी लगेच सुरू व्हायला हवी.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते दोघांनाही लागू आहे. चष्म्याचा नंबर वाढतो तो मोबाईलच्या "किरणांनी" नव्हे. तासन् तास जवळचं बघणं आणि उजेडात न जाणं ही खरी कारणं. सिडनी आणि सिंगापूर इथल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात २९ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, सिडनीत ३.३ टक्के. गंमत अशी की सिडनीतली मुलं पुस्तकं जास्त वाचत होती. पण ती आठवड्यातून पावणेचौदा तास घराबाहेर असायची, सिंगापूरची मुलं जेमतेम तीन. बाहेरचा उजेड डोळ्याच्या पडद्यावर वेगळं काम करतो, आणि घरातली ट्यूबलाइट कितीही लख्ख वाटली तरी सावलीतल्या अंगणाच्या उजेडाजवळही जात नाही. नातवाला घेऊन सासूबाई संध्याकाळी पाचला देवळाच्या पारावर तासभर बसल्या तर त्याचं बोलणं, डोळे आणि भूक अशी तिन्ही कामं एकदम होतात.

आता मुलगी.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत शास्त्र तुम्हाला वाटतं तितकं एका बाजूचं नाही, आणि ते मी लपवणार नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख डॉक्टरने, २०२३ मध्ये समाजमाध्यमांबद्दल इशारा दिला, आणि ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला डिसेंबर २०२५ पासून बंदी केली. तज्ज्ञ अजून भांडत आहेत. मला माझ्या तपासणीच्या खोलीत जे दिसतं त्यावरून माझं मत असं की सरासरीत हा परिणाम छोटा दिसतो, कारण बहुतेक मुलं ठीकठाक राहतात आणि थोड्या मुलांना तो जबर बसतो: ज्यांना आधीच एकटं वाटतं, ज्यांची शरीरावरून टिंगल होते, ज्यांच्या मागे कुणी अनोळखी माणूस लागतो. तुमची मुलगी कुठल्या गटात आहे हे तासांच्या आकड्यावरून कळणार नाही.

झोपेवर मात्र वाद नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणून तिला दहाला झोप येत नाही, हा तिचा आगाऊपणा नव्हे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं आपल्या शासनाने २०२४ मध्ये ठरवलं. नववीला तो नियम नाही. तिची शाळा सातला असेल तर एकला झोपणारी मुलगी जेमतेम पाच तास झोपते. मग वर्गात लक्ष नाही, घरात चिडचिड, पाळीच्या दिवसांत आणखी त्रास, आणि सगळे म्हणतात मोबाईलने डोकं फिरवलंय. आधी तिची झोप पूर्ण होऊ द्या, तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. पन्नास टक्के "मोबाईलचं व्यसन" झोपेनेच उतरलेलं मी पाहिलं आहे, हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे. रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन, तुमचे दोघांचेही, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळ आणा, म्हणजे "गजर लावायचाय" हे कारण उरत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेण्याची धमकी देऊ नका. माझ्याकडे एक मुलगी पोटदुखी म्हणून आली होती, महिनाभर तपासण्या झाल्या. शेवटी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढल्यावर तिने सांगितलं की एक अनोळखी माणूस तिच्या फोटोंवरून तिला धमकावत होता. घरी का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "मोबाईल काढून घेतला असता." तुमच्या मुलीला आजच, कोणतंही भांडण नसताना, सांगून ठेवा: काहीही झालं तरी मला सांग, मोबाईल जाणार नाही, आपण दोघी मिळून बघू. असं काही घडलंच तर १९३० या सायबर क्रमांकावर किंवा मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर मदत मिळते. ती उदास, एकलकोंडी वाटत असेल, मरणाबद्दल बोलत असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मराठीतून बोलते, फुकट आहे.

व्हिडिओ गेमचं व्यसन हा वेगळा आजार जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला आहे, पण तो सहज लावायचा शिक्का नाही. वापरावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू राहतं, तेव्हा ते निदान होतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची मुलगी तिथे नाही.

नवऱ्याला "काळ बदललाय" यावर काय सांगायचं? आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. मुलं अभ्यासाला बसतात, हे सगळ्यांनी बातम्यांत वाचलं. मला त्यातला दुसरा भाग मोलाचा वाटतो: भोंगा बापांनाही लागू आहे. एकट्या मुलीने मोबाईल ठेवायचा आणि बाबांनी समोरच्या सोफ्यावर रील्स बघायचे, हे नववीतल्या मुलीला अन्याय वाटतो, आणि तो आहेच. तुमच्या घरात भोंगा नाही, पण सात ते साडेआठ ही वेळ तुमचीही मोकळी असेल. तेवढ्यात धाकट्याचं जेवण होतं, आणि ताईला त्याला भरवायची जबाबदारी दिलीत तर दोघांनाही उपयोग आहे. लहान मुलं मोठ्या भावंडांच्या तोंडाकडे जितक्या निरखून बघतात तितकं आमच्याकडेही बघत नाहीत.

या आठवड्यात करायची कामं क्रमाने सांगते. सगळ्यात आधी मुलाच्या कानांची तपासणी, तो टीव्हीच्या आवाजाला वळत असला तरी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं अर्धवट राहतं, पडद्यामागचं पाणी कानाच्या तपासणीत कळतं आणि कमी ऐकू येणं बेरासारख्या, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का बघणाऱ्या चाचणीत. मग विकासाची तपासणी. खासगीत परवडत नसेल तर बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, असतं, तिथे ही तपासणी आणि स्पीच थेरपी मोफत होते. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून चिठ्ठी मिळते, नाहीतर थेट जा. जाताना मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा, घरात तो आपल्या मनाने खेळत असतानाचा, कारण डॉक्टरांसमोर मुलं वेगळी वागतात. आणि सासूबाईंना सोबत न्या. दिवसातले नऊ तास त्याला त्या बघतात. तो कधी, कशासाठी, कुणाकडे बघून आवाज काढतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.